एगिसहाइमला जाताय? मुक्काम कराच

फ्रान्सच्या अल्सास प्रांतातलं एगिसहाइम हे गाव जवळच्या कोलमार शहराहून धावत बघून परतू नका. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की त्या गोल गोल गल्ल्या तुमच्याच. गावात रेल्वे स्टेशन नाही. कोलमारला उतरा, पुढे जेमतेम सहा-सात किलोमीटर. रविवारी किराणा मिळणं कठीण, तेव्हा ब्रेड-चीज शनिवारीच घ्या. शाकाहारी असाल तर तार्त फ्लांबे (पातळ, पिझ्झासारखा पदार्थ) मागवताना 'लार्दों नको' असं बजावून सांगा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे आलेच.

वाइन मात्र थेट बनवणाऱ्याकडेच चाखा. आत शिरताच 'बाँझूर' (नमस्कार) म्हणा, मग आधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रीसलिंग ही पांढरी वाइन. सुगंधी गेवुर्त्सट्रामिनर शेवटी, नाहीतर बाकीच्या फिक्या लागतात. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, अजिबात लाजू नका. सप्टेंबरात द्राक्षतोडणी, तेव्हा गप्पांना कुणाला फुरसत नसते. मला विचाराल तर जूनच बरा.