नुसता राग नव्हे, दुखावलेला मान

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. तिला 'ही लेफ्ट द हाउस इन हाय डजन' असं वाक्य अडलं. गाइडमध्ये 'तो रागाने घरातून गेला' एवढंच दिलंय. ती विचारते, मग 'हाय' कशाला? आणि हे केळीचं डझन तर नव्हे?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : 'हाय कशाला' हे तिने विचारलं, याचा मला फार आनंद झाला. केळीच्या डझनाशी याचा संबंध नाही. स्पेलिंग डी-यू-डी-जी-ई-ओ-एन, 'ज' जेवणातला.

गाइडचा अर्थ अर्धाच आहे. मोटारपंप जळाला, रानडुकरांनी हरभरा उकरला, की माणूस चिडतोच. ते डजन नव्हे. इथे मान दुखावलेला हवा. आपल्याकडच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या वेळी थोरल्या जावयाचं नाव राहून जातं. पुढे लक्षात येऊन कोणी घाईघाईने नारळ हातात देतो. जावई तो तिथेच ठेवतात, बायकोला 'चाल' म्हणतात आणि मोटारसायकलला किक मारतात. मागून सासरे धावतात, "जावईबापू, आयका तं खरं! जेवून तं जा!" ते हाय डजन. माझ्या मते त्या रागाला तुच्छ लेखू नये, माणसाला तिथे खरंच लागलेलं असतं.

'हाय' म्हणजे पार चढलेला. आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुधा 'इन हाय डजन' असाच येतो, आणि बरेचदा निघून जाण्याच्या क्रियापदासोबत. मोबाइल दिला नाही म्हणून पोर न जेवता तोंड फुगवून कोपऱ्यात बसलं, तर त्याला इंग्रजीत 'सल्क' म्हणतात. तो रुसवा.

हा शब्द लेखी इंग्रजीत 1573 पासून सापडतो, पण तो आला कुठून याचा कोशकारांना पत्ता लागलेला नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये खंजिराच्या मुठीला 'डजन' म्हटलंय. त्यावरून रागावलेला माणूस मुठीला हात घालतो, म्हणून हा अर्थ आला, अशी गोष्ट काही जण सांगतात. तिला पुरावा नाही. मुलीला ती शिकवू नका.

वहीत तिने असं लिहावं : 'अपमान वाटून तो तणतणत घराबाहेर पडला.'