परदेशात नवीन असताना दानधर्म आणि स्वयंसेवा कशी करावी? की पैसे गावाकडेच पाठवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून नोकरीसाठी इंग्लंडला आलात, स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, बायको सोबत आहे, शनिवार-रविवार मोकळे जातात. पगारातून थोडं बाजूला काढायचंय, पण ते तिथे द्यावं की गावाला, हे ठरत नाही. मी सातारची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं लेस्टरला होते, आता परत साताऱ्यात आले. माझं मत सरळ आहे: मोठी रक्कम गावाकडे, वेळ तिथे. पैसे सातासमुद्रापार जातात, तुमचा शनिवार नाही जात.

आधी वेळेचं बोलते, कारण खरी गंमत त्यातच आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर बिनपगारी सेवाकार्याला मुभा आहे, त्यामुळे ती काळजी सोडा. स्टुडंट व्हिसावाल्यांनी मात्र जपून राहावं. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ठरलेल्या वेळी येण्याचं बंधन असलेलं ‘व्हॉलंटरी वर्क’ त्या 20 तासांत धरतात, नुसतं ‘व्हॉलंटिअरिंग’ धरत नाहीत. संस्थेला आधीच विचारून घ्यायचं.

आपल्याला सवय श्रमदानाची. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पहिला नंबर काढला. असल्या कामात कुदळ-पाटी घेऊन उभं राहिलं की झालं, कोण कुठला कुणी विचारत नाही. इंग्लंडात असं उठून जाता येत नाही. फॉर्म, ओळखीच्या दोघांचे रेफरन्स, मग थोडं प्रशिक्षण, मग रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक. मुलांसोबत किंवा आजारी-वृद्ध माणसांसोबत काम असेल तर डीबीएस, म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी. तीत मागच्या 5 वर्षांचे सगळे पत्ते लागतात, पुण्यातली भाड्याची खोलीसुद्धा. स्वयंसेवकाला तिची सरकारी फी पडत नाही. यात अपमान वगैरे मानू नका, गोऱ्यांनाही हेच करावं लागतं. आणि एकदा रोट्यावर नाव लागलं की ‘जमलं तर येतो’ हे आपलं नेहमीचं उत्तर तिथे खपत नाही. महिन्यातून एकच शनिवार घ्या, पण तो चुकवू नका.

नवीन माणसानं चॅरिटी शॉपपासून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करणाऱ्या दुकानापासून सुरुवात करावी, असं मी सगळ्यांना सांगते. पुढे काचेत नीटनेटकं दुकान दिसतं, खरं काम मागच्या खोलीत. लोकांनी आणून टाकलेल्या काळ्या पिशव्या छताला टेकलेल्या असतात. पिशवी सोडायची, कपडा आधी नाकाशी न्यायचा, मग काखेतली शिवण, कॉलर, चेन, बटणं बघायची. चांगला निघाला तर हँगरला अडकवून वाफेच्या नळीनं सुरकुत्या काढायच्या, बंदुकीसारख्या यंत्रानं किमतीचा टॅग ठोकायचा. विकण्याजोगा नसेल तर चिंधीच्या पोत्यात. ती पोती किलोवर व्यापाऱ्याला जातात. परदेशातली अशी जुनी लोकर आपल्या पानिपतला येते, तिथे तिचा धागा पिंजून स्वस्तातली ब्लँकेटं होतात. हे कळल्यावर ‘आमचे जुने कपडे कुठेतरी द्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. 2019 च्या महापुरात तुमच्याकडेही नको असलेल्या कपड्यांचे ढीग आले होते, तुम्ही पाहिलेच असतील.

या कामात तुमच्या मिसेसनाही ओढा. घरात बसून इंग्रजी बोलायची भीड जात नाही. गल्ल्यावर उभं राहून सुटे पैसे मोजताना, पेन्शनीतल्या आज्यांशी हवापाण्यावर बोलताना ती आपोआप जाते. शिवाय पुढे नोकरीला अर्ज करताना तिथल्या मॅनेजरचा रेफरन्स हाताशी असतो.

फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेला, काही द्यायचं तर त्यांची यादी बघून द्या. आपण कौतुकानं दहा किलो आटा आणि तूरडाळ नेतो. घेणाऱ्याकडे कुकर नसतो, कधी आधी पैसे भरून चालणाऱ्या गॅसच्या मीटरमध्ये पैसे नसतात. डबाबंद आणि टिकाऊ माल त्यांना जास्त उपयोगी.

आता पैसे. तिथल्या संस्थेला जे थोडंफार द्याल ते गिफ्ट एडवर, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या चौकटीवर, टिक करून द्या. 100 पौंड दिलेत तर संस्था सरकारकडून वरचे 25 मिळवते. तुम्ही आयकराच्या 40 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आणखी 25 पौंड तुम्हालाही परत मागता येतात. पण अट अशी की देणाऱ्यानं स्वतः तेवढा कर भरलेला हवा. बायको कमावती नसेल तर तिच्या नावावर टिक नको, नाहीतर फरकाची रक्कम तिच्याकडून मागतील. रस्त्यात टॅब घेऊन गाठणाऱ्या गोड पोरांसमोर उभ्याउभ्या डायरेक्ट डेबिटचा, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायचा, फॉर्म भरू नका. चॅरिटी नंबर विचारा, घरी येऊन चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, यादीत बघा, मग ठरवा.

गावाकडे पाठवायचं तर एक नियम पक्का लक्षात ठेवा. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे तोवर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘परकीय योगदान’ ठरत नाही, शाळा असो की ट्रस्ट. उद्या ब्रिटिश पासपोर्ट घेतलात की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असूनही ती परकीय ठरते. मग त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवेत. खेड्यातल्या शाळेकडे किंवा तरुण मंडळाकडे हे कुठून असणार? म्हणून ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांकडून वर्गणी गोळा करून स्वतःच्या खात्यातून गावाला धाडायचा उत्साह टाळा. तुमची माया चांगली, पण पैसा त्यांचा, आणि अडचणीत येतील गावातले विश्वस्त. 80जी ची, म्हणजे देणगीवरच्या भारतातल्या आयकराची, सवलत मिळावी म्हणून फार धडपडू नका. भारतात करपात्र उत्पन्न असेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच तिचा उपयोग. रोख 2000 रुपयांच्या वर दिलेत तर तेही नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, आई-बाबा सहा महिने राहायला येणार आहेत, त्यांनाही असं काही करता येईल का. येईल. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत सेवा करता येते. आईंना शिवण येत असेल तर दुकानात आधीच सांगून ठेवा. तुटकी बटणं आणि उसवलेल्या कडा यांची तिथे कधीच वानवा नसते.