पऱ्हाटीपासून तेल काढायचंय, तर शाखा कोणती घेऊ?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातली. बारावी सायन्स झालं, सीईटी दिली आहे. आमच्याकडे कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, जाळून टाकतात. पायरोलिसिसने तिचं तेल होतं, असं व्हिडिओत पाहिलं आणि यातच करिअर करायचं ठरवलं. एका खासगी कॉलेजात रिन्युएबल एनर्जीचं बी.टेक. आहे. बाबा म्हणतात, कृषीला जा. काय करू?

उत्तर : आधी तेलाबद्दल बोलू, म्हणजे शाखेचं कोडं बरंचसं सुटेल.

काडीकचरा हवा न लागू देता तापवला की तो पेटत नाही. त्याची वाफ, गॅस आणि कोळसा होतो. हेच पायरोलिसिस. साधारण 500 अंश सेल्सिअसला झटकन तापवून वाफा दोनेक सेकंदांत थंड केल्या, तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 60 ते 75 टक्के तेल मिळतं. व्हिडिओ बहुधा इथेच संपतो. पण त्या तेलात 15 ते 30 टक्के पाणी असतं. ते व्हिनेगरइतकं आंबट असतं, साध्या लोखंडाला खातं, डिझेलमध्ये मिसळत नाही, ठेवून दिलं तर घट्ट होत जातं. किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. थोडक्यात, ते तसंच ट्रॅक्टरमध्ये ओतता येत नाही. त्यातला ऑक्सिजन काढायला हायड्रोजन, उत्प्रेरक आणि दाब लागतो, आणि खरी डोकेफोड तिथेच आहे. शेतातल्या काडीकचऱ्यात लाकडापेक्षा राख जास्त. राखेतल्या पोटॅशियममुळे तेल घटतं, कोळसा आणि पाणी वाढतं.

अमेरिकेत मिसिसिपीमध्ये किऑर नावाची कंपनी लाकडापासून पेट्रोल-डिझेल करायला निघाली होती. राज्य सरकारने 7.5 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. 2014 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नेदरलँड्समध्ये हेंगेलोला 2015 साली सुरू झालेल्या कारखान्याने मात्र डिझेलचा हट्ट धरला नाही. त्यांनी तेल जसंच्या तसं एका दूध प्रक्रिया उद्योगाला वाफ करण्यासाठी विकलं. मला विचारशील तर शहाणपण या दुसऱ्या वाटेत जास्त आहे.

म्हणून माझं मत केमिकल इंजिनिअरिंगला. रिअॅक्टर, उष्णतेचं वहन, ऊर्ध्वपातन, उत्प्रेरक हे सगळं त्याच शाखेत पक्कं होतं. नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तुला जवळ आहे. गुण चांगले असतील तर माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्थाही पर्यायांत वर टाक. रिन्युएबल एनर्जीची पदवी वाईट असते असं नाही, पण नोकरीच्या जाहिरातीत बहुतेकदा केमिकल किंवा मेकॅनिकल मागतात. ऊर्जेचा विषय एम.टेक.ला घेता येतो, गेट ही प्रवेश परीक्षा देऊन.

बाबांचं म्हणणंही उडवून लावू नकोस. मात्र कृषी म्हणजे फक्त बी.एस्सी. नव्हे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. आहे, आणि तिथे अपारंपरिक ऊर्जेचा विभागही आहे. पऱ्हाटी उपटायची, तुकडे करायचे, वाळवायची, वाहून आणायची. हलका माल, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. कित्येक प्रकल्प या हिशेबातच आडवे होतात. तुला यंत्र आणि शेत जास्त आवडत असेल, तर ही वाट पहिली धर.

तेलाच्या नादात कोळशाला कमी लेखू नकोस. पुण्याच्या आरती (अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेला उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या तंत्रासाठी 2002 साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. तीही पायरोलिसिसच, फक्त संथ.

नोकरीचं स्पष्ट सांगते : केवळ पायरोलिसिसच्या जागा आपल्याकडे आज थोड्याच, त्याही बहुतेक संशोधनात, डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेसारख्या ठिकाणी. पण इथेनॉल, बायोगॅस, बॉयलर या उद्योगांना हेच शिकलेली माणसं लागतात. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा पानिपतचा कारखाना 2022 मध्ये सुरू झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. प्रक्रिया वेगळी, तरी केमिकल इंजिनिअरला तिथे परकं वाटणार नाही.

पर्याय भरण्याआधी त्या खासगी कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा बघ. रिअॅक्टर चालू आहे की नुसता पुसून ठेवलाय, आणि शेवटच्या वर्षाची मुलं कुठे लागली, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचार. आणि एकरी किती पऱ्हाटी निघते, उपटायला मजूर किती घेतो, हे बाबांकडून वहीत लिहून घे.