चूक कोणाचीही असो, पाच लाख मिळतात. पण सही करण्याआधी थांबा

प्रश्न: माझे पती (वय ३४, खासगी कंपनीत पगार २४ हजार) माझ्या दिरांच्या मोटारसायकलवरून येताना सोलापूर रस्त्यावर कारला धडकून चार महिन्यांपूर्वी वारले. कार दुभाजकाच्या कटमधून अचानक वळली, असं चहाटपरीवाला सांगतो. पण पोलिसांनी गुन्हा मयतावरच नोंदवला आहे. कारच्या विमा कंपनीचा माणूस पाच लाख देतो म्हणतो. मामा म्हणतात, ते घे, बाकीचं कोर्टात मिळेल. घरी सासूबाई, मी आणि मुलगी. काय करू?

उत्तर: ताई, मामा सांगतात ते एकेकाळी बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या कलम १४० खाली मृत्यू झाल्यास पन्नास हजार आधी हातात पडत आणि मूळ दावा पुढे चालू राही. ते कलम १ एप्रिल २०२२ पासून गेलं. आता कलम १६४ आहे: मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही. मयतावर गुन्हा असला तरी कारच्या विमा कंपनीला हे पैसे नाकारता येत नाहीत. मात्र ते स्वीकारले की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टातला) दावा संपतो. तो माणूस हे तुम्हाला आपणहून सांगेल, अशी आशा धरू नका.

दुसरी वाट कलम १६६ ची. तिथे कारचालकाची हयगय दाखवावी लागते, पण रकमेला पाच लाखांची मर्यादा नाही. तुमचाच हिशेब करू. वर्षाचे २ लाख ८८ हजार, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, त्यातून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, आणि त्याला त्या वयासाठी ठरलेल्या गुणकाने, म्हणजे १६ ने, गुणायचं. हे साधारण ४३ लाख होतात. निम्मी चूक पतींची ठरली तरी एकवीस लाखांच्या वर. पूर्ण चूक त्यांचीच ठरली तर मात्र शून्य. हा धोका खरा आहे. तरीही टपरीवाला साक्षीला उभा राहणार असेल तर मी १६६ चाच दावा लावेन. एफआयआरमध्ये काय लिहिलंय त्याला न्यायाधिकरण बांधील नसतं. घटनास्थळाचा पंचनामा, कारला मार कुठे बसला त्याचे फोटो आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या नकला आजच मागा. जवळच्या ढाब्याचं किंवा पंपाचं सीसीटीव्ही उरलं असेल तर तेही. टपरीवाला कचरला, बाकी काहीच हाती लागलं नाही, तर पाच लाख घेण्यात कमीपणा नाही.

दिरांच्या गाडीच्या विमा कंपनीवर १६४ खाली दावा लावू नका. दुसऱ्याकडून मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी येतो आणि मालक स्वतःविरुद्ध दावा करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या जुन्या कलम १६३-अ बाबत ठरवलंय. पण २०२० च्या तशाच एका प्रकरणात वारसांना पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम दिली गेली होती. म्हणून दिरांची पॉलिसी काढा, त्यात वैयक्तिक अपघाताचा हप्ता भरलाय का बघा. भरला असेल तर कंपनीकडे वेगळा लेखी अर्ज करा. पतींचा वाहन परवाना चालू होता ना, तेही तपासा.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. तुमच्याकडे दोन उरलेत. त्यासाठी सोलापूरला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात चालतो. मुलगी अज्ञान (अठरा वर्षांखालची) असल्याने तिच्यातर्फे तुम्ही, आणि सासूबाईंचं नाव अर्जदार म्हणून आठवणीने घाला.