उत्क्रांतिवादाला विरोध करणारे सगळे धर्मवेडेच होते का?

नाही. १९२५ चा अमेरिकेतला स्कोप्स खटला बघा. टेनेसी राज्यातल्या डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर तो भरला होता. सरकारी बाजूने उभे होते राजकीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. बायबलवर त्यांची श्रद्धा होतीच, पण हा माणूस स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि श्रीमंतांवरच्या आयकरासाठी भांडलेला. 'बळी तो कान पिळी' हाच निसर्गनियम मानला, तर गरिबाने दाद कुठे मागायची, ही त्यांची धास्ती होती. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीच्या युद्धखोरीचं खापरही ते याच विचारावर फोडत.

विज्ञानाच्या बाबतीत ब्रायन साफ चुकले. धास्ती मात्र निराधार नव्हती. स्कोप्सच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात गोऱ्या वंशाला सर्वांत वरचं स्थान होतं आणि 'सदोष' कुटुंबांना चक्क परजीवी म्हटलं होतं! डार्विनच्या सिद्धांतातून यातलं काहीच निघत नाही, तरी राजकारणाने ते काढलं. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशीच 'सदोष' ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. नऊपैकी एकच न्यायाधीश विरोधात गेले, पिअर्स बटलर, आणि ते श्रद्धाळू कॅथलिक होते.