‘सध्याचं पद’ या रकान्यात काय लिहू?

प्रश्न : ताई, मी पुण्यातून एमबीए केलं, १९९५ची बॅच, मार्केटिंग. ३० वर्षं झाली म्हणून गेट-टुगेदर ठरलंय आणि त्यासाठी पुस्तिका काढतायत, प्रत्येकाला एक पान. गुगल फॉर्म आलाय, नाव, सध्याचं पद, कंपनी, शहर, मुलं काय करतात, आणि ‘आतापर्यंतचा प्रवास’ शंभर शब्दांत. ग्रुपवर रोज कुणाचं तरी पान येऊन पडतं, कुणी सिंगापूरला रिजनल हेड, कुणी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, एकाने तर कंपनी विकली आणि आता नुसता इन्व्हेस्ट करतो. मी कॅम्पसवरून टीव्ही-फ्रीजच्या कंपनीत लागलो होतो, पण १९९८ला वडलांना पॅरालिसिस झाला म्हणून निफाडला आलो तो आलोच. चार एकर द्राक्षं आणि खतं-औषधांचं दुकान. पाच वेळा फॉर्म उघडला आणि ‘सध्याचं पद’पाशी येऊन बंद केला. बायको म्हणते ‘उद्योजक’ लिहा, मला ते खोटं वाटतं. आता तर जाऊच नये असं वाटायला लागलंय.
— एक वाचक, निफाड

उत्तर : ‘द्राक्ष बागायतदार आणि कृषी सेवा केंद्र’ असं लिहा. ‘उद्योजक’ नको, तुम्हाला खोटं वाटतंय ना, मग नकोच.

आता शंभर शब्दांचं. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण निफाडात तेव्हापासून दुकान म्हणजे २०१०चा हंगाम तुम्ही काउंटरच्या आत उभं राहून बघितला असणार. क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली ते वर्ष. एप्रिल छाटणीनंतर वाढ आवरायला आणि काडीत घड तयार व्हायला जे औषध लोक वर्षानुवर्षं मारत होते, घड दिसायच्या कितीतरी आधी मारलेलं, ते शेवटी मण्यात सापडलं. निर्यातदार हवालदिल, बागायतदाराचे पैसे अडकलेले, आणि तो पहिल्यांदा कुणाच्या दारात येणार तर औषधाच्या दुकानात. त्या वर्षी तुम्ही उधारी कुणाची थांबवली, कुणाला काय सांगितलंत, आणि पुढच्या एप्रिलला तेच गिऱ्हाईक तुमच्याकडे परत आलं का, हे लिहा. मार्केटिंगच्या वर्गात आपल्याला ‘ग्राहकाचा विश्वास’ यावर तासच्या तास शिकवलेत हो, पण तो तुटायची वेळ आल्यावर समोर उभं राहणं तुमच्या बॅचमधल्या किती जणांच्या वाट्याला आलं असेल? मला तरी तुमचं ते पान वाचायचंय.

दुसरं म्हणजे ग्रुपवर पडतायत तेवढीच पानं म्हणजे बॅच नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. माझी बॅच १९८५ची, २५ वर्षांच्या वेळी पुस्तिकेचं काम माझ्याकडे होतं. आम्ही ५८ जण, पानं आली ३१. ती ३१ वाचून मलाच वाटायला लागलं की सगळे कुठल्या कुठे गेले आणि आपणच राहिलो. मग मी उरलेल्या २७ जणांना एकेक करून फोन करायला बसले, दोन महिने लागले. १९९७ला सीआरबी कॅपिटल बुडाली आणि मग लोकांनी धडाधड ठेवी काढायला सुरुवात केली तेव्हा बऱ्याच फायनान्स कंपन्या आडव्या झाल्या, त्यातल्या एकीत आमचा एक जण होता, दोन वर्षं घरी बसला होता, डबा घेऊन सकाळी बाहेर पडायचा म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. एकाने २००१ला बँकेची व्हीआरएस घेतली आणि ते पैसे मुलीच्या आजारपणात गेले. एकीचा मुलगा ऑटिस्टिक, तिने नोकरी कधीच सोडली होती, मला म्हणाली अगं माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही. काहीच नाही! वीस वर्षं त्या मुलाला एकेक शब्द शिकवला तिने, आणि फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

चूक फॉर्मची होती आणि तो मीच केला होता. मी छपाई थांबवली, ‘सध्याचं पद’ काढून टाकलं आणि सगळ्यांना, त्या ३१ जणांनासुद्धा, एकच प्रश्न परत पाठवला: कुठलं वर्ष सगळ्यात अवघड गेलं आणि तेव्हा सोबत कोण होतं. काही रागावले. पण सगळ्यात झकपक पान ज्याचं होतं त्याने ते मागे घेतलं आणि नवीन दिलं, २००८ला लेहमन बुडाल्यावर त्याची पण नोकरी गेली होती आणि तो १४ महिने घरी होता, हे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. शेवटी ४९ पानं झाली. तुमच्या समितीला हा प्रश्न सुचवून बघा, फॉर्म बदलायला अजून वेळ असेल.

आणि पद म्हणजे त्या तारखेपुरतं असतं हो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या १९७९च्या बॅचमध्ये क्लेटन ख्रिस्तेन्सेन होते, पुढे तिथेच नावाजलेले प्राध्यापक झाले, आणि त्याच बॅचमध्ये जेफ्री स्किलिंग. १९९९ला, म्हणजे बॅचला २० वर्षं झाली तेव्हा, स्किलिंग एनरॉनचे प्रेसिडेंट होते, आपली ती दाभोळच्या वीजप्रकल्पावालीच एनरॉन. २००१च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत आणि २००६ला त्यांना घोटाळ्याबद्दल २४ वर्षांची शिक्षा, ती नंतर कमी झाली. ख्रिस्तेन्सेन विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगायचे, आणि हेही सांगायचे की कॉलेजात असताना स्किलिंग चांगला माणूस होता.

जा तुम्ही. जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर चार पेट्या न्या बागेतल्या.

प्रश्न : बॅचच्या ग्रुपवर २८ वर्षांनी एक मित्र भेटला. तिसऱ्याच दिवशी त्याने स्कीम पाठवली, महिन्याला तीन टक्के गॅरंटीड. हॉस्टेलला एका ताटात जेवलोय, नाही कसं म्हणू?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘नाही’ असंच म्हणायचं. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, ते गॅरंटीने कुणीच देऊ शकत नाही. सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर माग, म्हणजे विषय तिथेच संपेल. आणि तो अडचणीत असेल तर तसं विचार त्याला, परत मिळाले नाहीत तरी चालेल एवढीच रक्कम हातउसनी दे, स्कीममध्ये एक रुपया नको.

प्रश्न : आमची पण पुस्तिका चाललीय, १९९६ची बॅच, मी संपादन करतेय. आमचा एक मित्र २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. समितीतले दोघं म्हणतात आनंदाचा प्रसंग आहे, त्यात दुःखाचं पान कशाला. मला ते पटत नाहीये पण भांडायचं पण नाहीये. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भांडावं लागलं तर भांडा ताई, यावर भांडायला हरकत नाही.

पण आधी त्याच्या बायकोला फोन करा, समितीच्या मीटिंगच्याही आधी. तिला नको असेल तर विषय संपला. हो म्हणाली तर त्याचं पान आडनावाप्रमाणे जिथे येतं तिथेच घाला, शेवटी काळी चौकट करून वेगळं नको, वर्गात हजेरीला तो ज्या दोघांच्या मध्ये यायचा त्यांच्याच मध्ये. कुठल्या कंपनीत होता ते एका ओळीत पुरे, ते घरच्यांना माहितीच आहे. घरच्यांना माहिती नाही ते तुमच्याकडे आहे. तेवीस वर्षांचा असताना तो कसा होता, मेसचं बिल कसं थकवायचा, प्रोजेक्ट रिपोर्टच्या आदल्या रात्री टायपिंगवाल्याकडे कोण कोण जागलं, पहिल्या इंटरव्ह्यूला टाय कुणाचा घातला. रूममेटला गाठा, त्याला लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज मागा आणि तुम्ही उतरवून काढा.

त्याची मुलं असतील तर आता कॉलेजच्या वयाची असतील. त्यांच्यासाठी पुस्तिकेची एक प्रत जास्तीची छापा, आणि पोस्टाने पाठवू नका. ठाण्याहून फार लांब नसेल तर तुम्ही आणि तो रूममेट स्वतः जाऊन द्या, आणि बसा थोडा वेळ, मुलं विचारतील.