पहिला मर्यादित आवृत्तीचा पाइप निवडताना

तंबाखू ओढण्याच्या पाइपच्या दांड्यावर उमटवलेल्या '१२/५०' (पन्नासांपैकी बारावा) अशा क्रमांकाने आपण हरखून जाऊ नये. आधी लाकूड नीट निरखावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सँडब्लास्टमध्ये कणांचा जोरदार मारा ब्रायरचा, म्हणजे पाइपसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडाचा, मऊ भाग झिजवतो व टणक वलये उभी राहतात, त्यामुळे खऱ्या कामात त्या कडा लाकडाच्या पोताप्रमाणेच वळतात, तर हत्याराने कोरलेल्या खडबडीत पृष्ठभागाला हा नियम नसतो. आल्फ्रेड डनहिल यांच्या कंपनीने १९१७ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या जुन्या 'शेल' पाइपांतील खोल, वेडीवाकडी वलये जमल्यास एकदा प्रत्यक्ष पाहावीत, कारण नजर तिथेच तयार होते.

रंग न दिलेला पाइप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. गडद रंगाखाली लपणारी लुकणाची भर त्यावर बहुधा उघडी पडते, आणि हाताळणीने तो हळूहळू मधासारखा गडद होत जातो.

जुना पाइप घेताना कडांची धार अवश्य तपासावी. माझ्या एका पाइपची वलये दुरुस्तीच्या वेळी पॉलिशच्या चाकावर अति घासल्याने कायमची बोथट झाली. म्हणून मी आता केवळ मऊ ब्रश आणि अगदी थोडे मेण वापरतो.